बेस बॉल, दोन शब्दांत: जुना खेळ पुन्हा खेळून इतिहास सांगणारी माणसं

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. शेवटी श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांची उत्तरे दिली आहेत.)



आजच्या विषयाचं नाव वाचून काही जणांना वाटलं असेल, की बेसबॉल आपण खेळत नाही, त्याचे नियमही आपल्याला धड माहीत नाहीत, मग दीडशे वर्षांपूर्वीच्या बेसबॉलवर तासभर कशाला ऐकायचं? रास्त प्रश्न आहे. पण आज आपल्याला बेसबॉल शिकायचा नाहीये. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने ती आवड दुसऱ्यापर्यंत कशी पोचवावी, हा आजचा खरा प्रश्न आहे. कोणी पुस्तक लिहून पोचवतो, कोणी संग्रहालय उभारून. अमेरिकेत गेली चाळीसहून अधिक वर्षं काही मंडळी ती खेळून पोचवत आहेत. सुट्टीच्या दिवशी जुन्या धाटणीचे सदरे चढवायचे, हातात ग्लोव्ह घालायचा नाही, आणि १८६० च्या आसपासच्या नियमांनी खराखुरा सामना खेळायचा. याला तिकडे 'व्हिंटेज बेस बॉल' म्हणतात. 'बेस' आणि 'बॉल' हे शब्द ते मुद्दाम सुटे लिहितात, कारण एकोणिसाव्या शतकात ते बहुधा सुटेच लिहिले जात.

हा नुसता वेषांतराचा खेळ आहे, की यातून इतिहासाचं काही खरं ज्ञान मिळतं? आणि मिळत असेल, तर त्यात धोके कोणते? या दोन प्रश्नांभोवती आज बोलणार आहे.

आधी एक दंतकथा बाजूला करू

बेसबॉलचा जन्म कसा झाला याची एक गोष्ट अमेरिकेत कित्येक पिढ्या सांगितली गेली. १८३९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन नावाच्या गावात अॅबनर डबलडे या तरुणाने हा खेळ शोधून काढला, अशी ती गोष्ट. हाच डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती झाला, १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत लढला. म्हणजे राष्ट्रीय खेळाला राष्ट्रीय वीराचं पितृत्व मिळालं! १९०५ साली यासाठी एक समिती नेमली गेली आणि तिने अॅबनर ग्रेव्ह्ज नावाच्या एका वृद्ध गृहस्थाच्या पत्रावर विसंबून हा निकाल दिला. अडचण एवढीच, की १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता. आणि आपण हा खेळ शोधला, असा दावा त्याने स्वतः जन्मात कधी केला नाही. तरी बेसबॉलचं 'हॉल ऑफ फेम' १९३९ साली कूपर्सटाउनलाच उघडलं. दंतकथेला एकदा इमारत मिळाली की ती हलवणं अवघड जातं.

खरी हकीकत जास्त पसरट आहे. इंग्लंडमध्ये जॉन न्यूबेरीने १७४४ साली मुलांसाठी काढलेल्या एका छोट्या पुस्तकात 'बेस-बॉल' हे नाव आलेलं आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफील्ड गावाने १७९१ मध्ये नियम केला, की गावाच्या नव्या सभागृहाजवळ चेंडूचे खेळ खेळायचे नाहीत, खिडक्यांच्या काचा फुटतात. बंदी घातलेल्या खेळांच्या यादीत 'बेस बॉल' हेही नाव आहे. हा कागद जॉन थॉर्न या इतिहासकाराने २००४ साली उजेडात आणला. काच फोडणाऱ्या पोरांवर मोठ्यांनी चिडायचं, ही परंपरा जगभर सारखीच म्हणायची.

म्हणजे हा खेळ कुणा एकाने शोधला नाही. विटी-दांडू कोणी शोधला, हे आपण विचारत नाही, तसंच. मग न्यूयॉर्कमध्ये नेमकं काय घडलं? तिथे खेळाला लेखी नियम मिळाले. २३ सप्टेंबर १८४५ रोजी निकरबॉकर बेस बॉल क्लबने आपले नियम मंजूर केले. शहरात इमारती वाढत होत्या, मोकळी जागा मिळेना, म्हणून ही मंडळी बोटीने हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीतल्या होबोकेनला जात. तिथे 'एलिशियन फील्ड्स' नावाचं हिरवंगार मैदान होतं. १९ जून १८४६ ला याच मैदानावर त्यांनी दुसऱ्या संघाशी सामना खेळला आणि ते २३–१ असे सडकून हरले. नियम आम्ही लिहिले, म्हणून सामनाही आम्हीच जिंकू असं थोडंच असतं?

हा काळ आपल्याला अगदी परका नाही. मुंबईत पारशी मंडळींनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला तो १८४८ साली. शहरातल्या मध्यमवर्गाने क्लब काढायचा, वर्गणी गोळा करायची, नियम लिहायचे, दंड ठरवायचे, ही हवाच तेव्हा वाहत होती. आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा क्रिकेटही जोरात होतं बरं का! जगातला पहिला आंतरराष्ट्रीय क्रिकेट सामना सप्टेंबर १८४४ मध्ये न्यूयॉर्कलाच झाला, अमेरिका विरुद्ध कॅनडा. कॅनडा २३ धावांनी जिंकला.

नियम हाताला कळतात

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. जुने नियम कागदावर वाचले की विचित्र वाटतात. खेळायला लागलं की त्यांची कारणं कळतात.

निकरबॉकरांच्या नियमांत एक कलम होतं: पळणाऱ्या खेळाडूला चेंडू फेकून मारायचा नाही. त्याआधीच्या खेळांत तशी पद्धत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये तर पुढेही चालू राहिली. पळणाऱ्याच्या अंगावर चेंडू बसला की तो बाद. आपल्याकडची आबाधुबी आठवा. आबाधुबीचा चेंडू कसला असतो? रबरी किंवा चिंध्यांचा, मऊ. कारण तो पाठीत बसणार असतो. अंगावर मारणं बंद केलं, की चेंडू कठीण करायला मोकळीक मिळते. कठीण चेंडू लांब जातो, मग मैदान मोठं होतं, खेळाचा सगळा नकाशाच बदलतो. एका कलमातून एवढं सगळं.

पण कठीण चेंडू झेलायचा कशाने? उघड्या हातांनी! ग्लोव्ह्ज तेव्हा नव्हतेच. ते साधारण १८७५ नंतर हळूहळू आले, तेही सुरुवातीला बोटं कापलेले, चामड्याचे, जरा लाजत घातलेले. १८६० च्या नियमाप्रमाणे चेंडूचं वजन पावणेसहा ते सहा औंस, म्हणजे साधारण १६३ ते १७० ग्रॅम. आपला क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे वजनाने क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा जड, आकाराने मोठा.

म्हणून तेव्हा एक नियम होता, जो ऐकून तुम्ही हसाल. फटका मारलेला चेंडू एक टप्पा पडल्यावर झेलला, तरी फलंदाज बाद! ओळखलंत ना? गल्ली क्रिकेटमधलं आपलं 'वन टिप वन हँड'. फक्त तिथे दोन्ही हात वापरायची मुभा होती. आपण गल्लीत तो नियम का केला? जागा लहान, खेळाडू कमी, आणि फलंदाज लवकर बाद व्हायला हवा, म्हणून. त्यांनी तो पाळला हात वाचवण्यासाठी.

आणि यावर केवढा वाद झाला! एका टप्प्याचा झेल हा पोरकटपणा आहे, मोठ्या माणसांनी चेंडू थेट हवेतच झेलला पाहिजे, असं म्हणणारा एक पक्ष होता. निकरबॉकर क्लब याच पक्षात होता. क्रिकेटवाले बघा, ते टप्प्यावरचा झेल मानत नाहीत, मग आपला खेळ कमी मर्दानी ठरतो, हा त्यांचा युक्तिवाद. क्लबांच्या सभांमध्ये हा ठराव पुन्हा पुन्हा आला आणि पुन्हा पुन्हा पडला. शेवटी डिसेंबर १८६४ मध्ये तो मंजूर झाला आणि १८६५ च्या हंगामापासून मैदानातला थेट झेलच धरला जाऊ लागला. फाउल गेलेल्या चेंडूला मात्र टप्प्याची सवलत पुढेही बरीच वर्षं राहिली.

हे सगळं पुस्तकात वाचता येतंच. पण आज जे लोक १८६० चे नियम लावून खेळतात, त्यांच्यासमोर दर दोन मिनिटांनी हा वाद जिवंत होतो. उंच चेंडू येतोय. हवेतच झेलू, की एक टप्पा पडू देऊ? टप्पा पडू दिला तर हात वाचेल, पण खडबडीत गवतावर चेंडू कुठेही उडेल. हवेत झेलला तर टाळ्या मिळतील, आणि कदाचित बोटही सुजेल. १८६४ च्या सभेत बसलेला माणूस कशाच्या बाजूने हात वर करत होता, ते तळहाताला कळतं. इतिहासाचं असंही एक साधन असतं, जे दप्तरखान्यात ठेवता येत नाही.

अजून दोन उदाहरणं देतो. पहिलं 'शॉर्टस्टॉप'चं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा हा खेळाडू. ही जागा डॅनिएल अॅडम्स या डॉक्टरने रूढ केली असं मानतात. का केली? तेव्हाचा चेंडू इतका हलका होता, की दूरच्या क्षेत्ररक्षकाला तो थेट आतपर्यंत फेकता येत नसे. मधे एक माणूस हवा, जो चेंडू घेऊन पुढे देईल. म्हणजे मुळात तो निरोप्या होता! पुढे चेंडू जड झाला आणि तो निरोप्या खेळातला सगळ्यात चपळ रक्षक बनला. हेच डॉक्टर अॅडम्स क्लबसाठी स्वतः चेंडू बनवत. रबराचे तुकडे, त्यावर गुंडाळलेलं सूत, वरून चामडं. हे चामडं नीट शिवून देणारा माणूस शोधत ते न्यूयॉर्कभर फिरले, शेवटी घोड्याचं खोगीर बनवणारा एक स्कॉटिश कारागीर भेटला आणि त्याने युक्ती दाखवली. १८५७ साली क्लबांची परिषद भरली, तिचे अध्यक्ष अॅडम्सच होते. नऊ डाव, नऊ खेळाडू, दोन बेसमध्ये नव्वद फूट अंतर हे नियम त्या परिषदेत ठरले आणि आजही टिकून आहेत. त्या परिषदेसाठी त्यांनी हाताने लिहिलेला मसुदा २०१६ साली लिलावात तीस लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला.

दुसरं उदाहरण चेंडू टाकणाऱ्याचं, म्हणजे पिचरचं. आज पिचर हा फलंदाजाचा शत्रू असतो. तेव्हा तो जवळजवळ यजमान होता. हात खालून आणायचा, फलंदाजाला मारता येईल असा चेंडू द्यायचा, आणि खरी लढत फलंदाज विरुद्ध क्षेत्ररक्षक अशी रंगायची. मग ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर क्लबचा जिम क्रायटन आला. त्याने नियमात बसणाऱ्या, किंवा निदान बसतोय असं वाटणाऱ्या, मनगटाच्या झटक्याने असा वेग आणला, की यजमानाचा वैरी झाला. तो १८६२ मध्ये अवघा २१ वर्षांचा असताना वारला. पण त्याने सुरू केलेलं भांडण थांबलं नाही.

हा प्रयोग सुरू कसा झाला

न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर 'ओल्ड बेथपेज व्हिलेज रेस्टोरेशन' नावाचं एक गाव-संग्रहालय आहे. एकोणिसाव्या शतकातली घरं, दुकानं, शेतं तिथे जपून मांडली आहेत. १९८० च्या सुमारास तिथे जुना बेस बॉल खेळायला सुरुवात झाली. १९८१ मध्ये ओहायो राज्यात कोलंबसच्या 'ओहायो व्हिलेज' या तशाच संग्रहालयाने संघ काढला, त्याचं नाव 'मफिन्स'. नाव मोठं गमतीचं आहे. 'मफ' म्हणजे चेंडू हातातून सांडणं. जुन्या क्लबांत पहिला संघ, दुसरा संघ, आणि मग उरलेले हौशी 'मफिन', म्हणजे हमखास झेल सोडणारे, अशी उतरंड असे. यांनी ते नाव स्वतःहून घेतलं! पुढे अनेक राज्यांत क्लब निघाले. १९९६ मध्ये त्यांची एक संघटना झाली, व्हिंटेज बेस बॉल असोसिएशन. मिशिगनमधल्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये १८६७ चे नियम लावतात, कुठे १८६०, कुठे १८६४, कुठे १८८० च्या दशकातले. सामन्याआधी दोन कप्तान एकमेकांना विचारतात, 'कोणतं साल खेळायचं?' इतिहासाच्या माणसाला यापेक्षा गोड प्रश्न कोणता?

सामना कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. पंच एकच. बेस म्हणून वाळू किंवा भुसा भरलेल्या किरमिजाच्या पिशव्या. होम बेसला पांढरी रंगवलेली गोल लोखंडी थाळी. फलंदाजाला 'स्ट्रायकर' म्हणायचं, धावेला 'एस', बाद झाला की 'एक हात गेला'. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पंच प्रेक्षकांशी बोलतो. नियम बदलला की का बदलला ते सांगतो. जवळच्या निर्णयावर खेळाडूलाच विचारतो, 'काय हो, तुम्ही आत होता का?' खेळाडू मान हलवतो आणि स्वतःच बाहेर जातो. सामना संपल्यावर दोन्ही संघ समोरासमोर उभे राहून एकमेकांचा जयजयकार करतात. नंतर लहान मुलांना मैदानात बोलावून हातात ती जाड लाकडी बॅट देतात. आवड पोचवायची ती इथे. व्याख्यान पाच मिनिटांत विसरलं जातं (माझंही जाईल), पण तळहाताला बसलेला चेंडू मूल विसरत नाही.

निकाल माहीत नसलेला इतिहास

अमेरिकेत यादवी युद्धाच्या लढाया वठवणारे हजारो हौशी लोक आहेत. तोफा आणतात, गणवेश शिवतात, धूर होतो. पण गेटिसबर्गची लढाई कितीही वेळा वठवली, तरी कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. मेलेला सैनिक संध्याकाळी उठून चहा घेतो. तिथे भूतकाळ पाठ केलेल्या संवादासारखा असतो.

खेळाचं तसं नाही. गेटिसबर्गलाच दर उन्हाळ्यात जुन्या बेस बॉलचा मेळा भरतो, अनेक राज्यांतून संघ येतात. तिथे कोण जिंकेल हे कुणालाच माहीत नसतं. नियम १८६४ चे, झेल आजचा. हरणाराही खराच हरतो. आणि मला वाटतं, इतिहास शिकवण्याच्या दृष्टीने हीच सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. आपण इतिहास वाचतो तेव्हा शेवट ठाऊक असतो. जे झालं ते होणारच होतं, असं वाटायला लागतं. १८५८ मध्ये न्यूयॉर्कच्या माणसाला माहीत नव्हतं, की क्रिकेट मागे पडेल आणि बेसबॉल राष्ट्रीय खेळ होईल. १८५९ साली इंग्लंडचा नामवंत क्रिकेट संघ अमेरिकेत आला, त्याच होबोकेनला खेळला, मोठी गर्दी झाली. तेव्हा पैज लावायची झाली असती, तर क्रिकेटवरही लावता आली असती. पुढे युद्ध आलं. छावणीत खेळपट्टी कोण तयार करणार? दुपारच्या दोन-तीन तासांत संपणारा, कसल्याही रानात मांडता येणारा खेळ सैनिकांसोबत फिरला. नॉर्थ कॅरोलायनातल्या सॉल्सबरीच्या तुरुंगछावणीत युद्धकैदी बेस बॉल खेळत असल्याचं चित्र ऑटो बटिखर या कैदी चित्रकाराने काढलं, ते १८६३ मध्ये छापलं गेलं. पण यातलं काही आधी ठरलेलं नव्हतं. ही अनिश्चितता मैदानावर जितकी जाणवते, तितकी पुस्तकात जाणवत नाही.

सभ्य गृहस्थांचा काळ?

इतकं कौतुक केलं, आता जरा दुसरी बाजू.

आजच्या या सामन्यांत सगळे फार सभ्य असतात. कोणी थुंकला, कोणी शिवी दिली, तर पंच पंचवीस सेंटचा लुटुपुटूचा दंड ठोठावतो आणि प्रेक्षक हसतात. आजचा खेळ पैशाने नासला, तेव्हाचा कसा निर्मळ होता, असं वाटून प्रेक्षक घरी जातो. हे कितपत खरं?

निकरबॉकर क्लबच्या नियमांत शिवीगाळीला दंड होता, हे खरं. पण दंड कशाला ठेवावा लागतो? शिव्या दिल्या जात होत्या म्हणूनच ना! २३ ऑगस्ट १८६० रोजी ब्रुकलिनमध्ये एक्सेल्सियर आणि अटलांटिक या दोन संघांचा निर्णायक सामना होता. प्रेक्षकांनी इतका दंगा घातला, की एक्सेल्सियरच्या कप्तानाने आपला संघ मैदानातून बाहेर नेला आणि सामना अर्धवट राहिला. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युच्युअल क्लबच्या तीन खेळाडूंनी पैसे घेऊन सामना सोडल्याचं उघड झालं. हौशी म्हणवणाऱ्या क्लबांत चोरून पैसे देऊन खेळाडू फोडले जात. १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्जने उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली, तेव्हा एका अर्थी खोटेपणा कमीच झाला!

बारीकसारीक गोष्टींतही गंमत आहे. प्रेक्षकांना १८६० च्या सामन्यात 'क्रँक' म्हणायची पद्धत या खेळाडूंमध्ये पडली आहे. पण प्रेक्षकांसाठी तो शब्द रुळला १८८० च्या दशकात. म्हणजे वीस वर्षं आधीच आणून बसवला. या मंडळींतच यावर कडाक्याचे वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत. शब्दाचं साल चुकलं तर फार बिघडत नाही म्हणा, पण स्वभावाचं साल चुकलं, की इतिहासाची गोड गोळी होते.

मैदानाबाहेर कोण होतं

आणि आता सगळ्यात अवघड प्रश्न. फिलाडेल्फियात ऑक्टेव्हियस कॅटो नावाचे एक कृष्णवर्णीय शिक्षक होते. शहराच्या ट्रामगाड्यांत कृष्णवर्णीयांना बसू देत नसत, त्याविरुद्धच्या लढ्यातले ते पुढारी. यादवी युद्ध संपल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पिथियन बेस बॉल क्लब उभा केला. संघ उत्तम. पण १८६७ च्या डिसेंबरमध्ये क्लबांच्या राष्ट्रीय संघटनेने ठरवलं, की कृष्णवर्णीय सभासद असलेल्या क्लबांना प्रवेश नाही. सप्टेंबर १८६९ मध्ये पिथियन संघाने ऑलिंपिक या गोऱ्यांच्या जुन्या क्लबशी सामना खेळला. ४४–२३ असे हरले, पण गोऱ्या आणि कृष्णवर्णीय संघांचा, लेखी नोंद असलेल्या पहिल्यावहिल्या सामन्यांपैकी हा एक. १० ऑक्टोबर १८७१ रोजी, निवडणुकीच्या दिवशी, कृष्णवर्णीयांनी मत देऊ नये म्हणून शहरात दंगल झाली आणि कॅटोंना रस्त्यात गोळ्या घातल्या. ते ३२ वर्षांचे होते. २०१७ साली फिलाडेल्फियाच्या नगरभवनासमोर त्यांचा पुतळा उभा राहिला.

हे ऐकताना आपल्याला पळवणकर बाळू आठवल्याशिवाय राहत नाहीत. पुण्याच्या मैदानावर त्यांची फिरकी सगळ्यांना हवी होती, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या पेल्यात. खेळ माणसांना जवळ आणतो हे अर्धसत्य आहे. कोणाला आत घ्यायचं हेही खेळच ठरवत आला आहे.

तर मग १८६७ चा सामना आज 'अगदी हुबेहूब' खेळायचा म्हणजे काय करायचं? कृष्णवर्णीय खेळाडूला दारात अडवायचं? स्त्रियांना फक्त छत्री घेऊन बसवायचं? अर्थातच नाही. वासर कॉलेजमध्ये मुलींनी १८६६ सालीच बेस बॉलचे क्लब काढले होते, तेव्हा स्त्रिया खेळतच नव्हत्या असंही नाही. ओहायो व्हिलेजच्या मफिन्ससोबत स्त्रियांचा 'डायमंड्स' संघही खेळतो. कित्येक क्लबांत आज स्त्री-पुरुष एकत्र खेळतात.

यावर कोणी म्हणेल, मग हे खोटं झालं. मला तसं वाटत नाही. हुबेहूबपणा ही एकच गोष्ट नाही. चेंडूचं वजन हुबेहूब ठेवा, कारण त्यातून कळतं. बंदी हुबेहूब ठेवू नका, कारण ती वठवून काही कळत नाही, फक्त पुन्हा दुखवलं जातं. पण ती बंदी सांगा! लपवू नका. पंच टप्प्याचा नियम समजावतो तेव्हाच त्याने हेही सांगावं, की आज या मैदानावर उभे असलेले यातले काही जण १८६७ मध्ये इथे उभे राहू शकले नसते. एक वाक्य पुरतं. बदल केला तर तो बदल म्हणून सांगायचा, एवढीच इतिहासाच्या माणसाकडून अपेक्षा आहे. डबलडेची दंतकथा का टिकली? ती प्रेमाने सांगितली गेली, पण तिचा कुठला भाग कुठून आला हे कुणी सांगितलं नाही. प्रेम पुष्कळ होतं, हिशेब नव्हता. या खेळाडूंना दोन्ही सांभाळायचं आहे, आणि जिथे ते जमतं तिथे मला त्यांचा फार हेवा वाटतो.

प्रश्नोत्तरांतून

*प्रश्न: हे लोक खेळाडू असतात की इतिहासकार?*

बहुतेक दोन्ही नसतात. शिक्षक, कामगार, निवृत्त माणसं, विद्यार्थी असे सगळे असतात. पण हळूहळू जुनी वर्तमानपत्रं चाळायला लागतात. आपल्या गावात १८६६ मध्ये क्लब होता का, त्याचं नाव काय, रंग कोणता, हे शोधतात. त्यातून स्थानिक इतिहासाचं खरं काम होतं. आधी चेंडू, मग दप्तर. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं असतं, आणि म्हणून मुलं पळतात!

*प्रश्न: हात मोडत नाहीत का?*

बोटं सुजतात, वाकडी होतात. म्हणून चेंडू ओंजळीत घ्यायचा आणि घेताना हात मागे सोडायचा. गल्लीत चेंडू झेलणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. क्रिकेटचा क्षेत्ररक्षक आजही उघड्या हाताने झेल घेतो, हे अमेरिकन प्रेक्षकाला ऐकून नवल वाटतं. तेव्हा एका बाबतीत आपण सगळे अजून १८६० मध्येच आहोत.

*प्रश्न: आपल्याकडे असं काही करता येईल का?*

का नाही? खो-खो, कबड्डी, आट्यापाट्या यांचे आजचे नियम विसाव्या शतकात बांधले गेले. त्याआधी गावागणिक वेगळे प्रकार होते. एखाद्या शाळेने ठरवावं, की आपल्या गावात आजोबा-पणजोबांच्या वेळी आट्यापाट्या कशा खेळत ते म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, लिहून काढायचं आणि तसंच खेळून बघायचं. जिथे दोन म्हाताऱ्यांचं नियमावरून भांडण होईल, तिथे थांबायचं आणि दोघांचंही लिहून घ्यायचं. दोन्ही नियमांनी एकेक डाव खेळायचा. पोशाख नसला तरी चालेल. फक्त हे काम लवकर करायला हवं, कारण ते नियम ज्यांना आठवतात ती माणसं थोडीच उरली आहेत.